वाट चुकण्याची मुभा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

व्हिडिओ गेम म्हटलं की आपल्याकडे घरोघरी साधारण एकच चित्र डोळ्यांसमोर येतं. पडद्याला खिळलेलं मूल, धडाधड गोळ्यांचे आवाज आणि स्वयंपाकघरातून येणारी हाक, ‘आता पुरे झालं!’ ही हाक बहुतेक वेळा योग्यच असते, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सगळी पुस्तकं जशी एका तागडीत तोलता येत नाहीत, तसंच खेळांचंही आहे. आज मी ज्या खेळाविषयी बोलणार आहे, तो १९८६ साली जपानमध्ये सुरू झाला आणि अजून संपलेला नाही. त्याचं नाव ‘द लेजंड ऑफ झेल्डा’, म्हणजे झेल्डाची दंतकथा. चाळीसएक वर्षांत या मालिकेत वीसच्या आसपास मुख्य खेळ निघाले. जगभर त्याचे चाहते आहेत. त्यांतलाच मी एक. या खेळात असं आहे तरी काय, आणि वय वाढलं तरी तो का सुटत नाही, हे आज सांगावंसं वाटतं.

आधी गोष्ट ऐका. आटपाट नगर शोभावं असं एक राज्य आहे, हायरूल. तिथली राजकन्या झेल्डा. गॅनन नावाचा एक खलपुरुष त्या राज्यावर टपलेला आहे. शक्ती, शहाणपण आणि धैर्य यांची तीन सोनेरी त्रिकोणी चिन्हं आहेत आणि ती ज्याच्या हाती लागतील त्याची इच्छा पुरी होते. आणि एक मुलगा आहे, हिरव्या अंगरख्यातला, बहुधा एक शब्दही न बोलणारा. त्याचं नाव लिंक. खेळाच्या नावात झेल्डा आहे म्हणून नवखी माणसं या मुलालाच झेल्डा समजतात, आणि चाहते त्यांना हसून दुरुस्त करतात. तर हा मुलगा तलवार हाती घेतो, राज्य पालथं घालतो आणि शेवटी गॅननला हरवतो. झाली गोष्ट.

तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? काहीच नाही. आणि गंमत अशी, की जवळजवळ प्रत्येक खेळात थोड्याफार फरकानं हीच गोष्ट पुन्हा सांगितली जाते. दर वेळी लिंक नवा, झेल्डा नवी, काळ वेगळा. पण सांगाडा तोच. आपल्या कीर्तनाची आठवण व्हावी असा हा प्रकार आहे. सीतास्वयंवराचं आख्यान ऐकायला बसलेल्या माणसाला धनुष्य कोण मोडणार हे ठाऊक नसतं का? असतं. तरी तो बसतो, कारण बुवा या वेळी ते कसं रंगवतात हे त्याला पाहायचं असतं. झेल्डाचंही तसंच आहे. शेवट ठाऊक असतो. ठाऊक नसते ती वाट. आणि ही वाट कुणी सांगायची नाही, ज्याची त्यानं शोधायची, हा या खेळाचा खरा गाभा आहे.

हा गाभा आला कुठून, तर एका माणसाच्या लहानपणातून. शिगेरु मियामोतो यांचा जन्म १९५२ चा, क्योतो शहराच्या वायव्येला असलेल्या सोनोबे या लहानशा गावातला. आजूबाजूला डोंगर, ओढे, भाताची शेतं. हा मुलगा एकटा भटकायचा. एकदा त्याला डोंगरात एका गुहेचं तोंड दिसलं. आत जायची छाती होईना. बरेच दिवस घुटमळल्यावर एक दिवस तो कंदील घेऊन आत शिरला. दुसऱ्या एका भटकंतीत, चढ चढून वर गेल्यावर अचानक समोर तळं दिसलं. तिथे तळं आहे असं त्याला कुणीच सांगितलेलं नव्हतं. नकाशा न घेता निघालेल्या माणसाला असं काही अवचित सापडलं की जे वाटतं, ते या खेळात आणायचं होतं, असं मियामोतो यांनी पुढे मुलाखतींतून सांगितलं आहे. ते ज्या निन्टेंडो कंपनीत नोकरीला होते, ती १८८९ साली क्योतोमध्येच फुलांच्या चित्रांचे पत्ते बनवण्यासाठी सुरू झालेली जुनी पेढी. ताकाशी तेझुका हे सहकारी जोडीला घेऊन मियामोतो यांनी एकाच सुमारास दोन खेळ रचले. एक ‘सुपर मारिओ ब्रदर्स’, दुसरा झेल्डा.

मारिओ आपल्याकडे अनेकांना आठवत असेल. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांत टीव्हीला जोडायचे नकली बनावटीचे व्हिडिओ गेम आले होते. त्यात पिवळी, लाल कॅसेट खोचायची आणि मारिओ पळवायचा. मारिओचं गणित सोपं : उजवीकडे जायचं. वाटेत खड्डे, कासवं, नळ काहीही येवो, दिशा ठरलेली. झेल्डा त्या कॅसेटींमध्ये आपल्याकडे क्वचितच पाहायला मिळाला. तो मारिओच्या अगदी उलट आहे. २१ फेब्रुवारी १९८६ रोजी निघालेला पहिला झेल्डा सुरू केला की लिंक एका मोकळ्या जागी उभा दिसतो. डावीकडे वाट आहे, उजवीकडे आहे, वरच्या बाजूला आहे, आणि खडकात एका गुहेचं काळं तोंड आहे. हातात शस्त्र नाही. कुठे जा, काय कर, एक अक्षरही लिहिलेलं नाही. गुहेत शिरलात तर एक म्हातारा भेटतो आणि लाकडी तलवार देतो. नाही शिरलात तर तसेच रिकाम्या हातांनी पुढे चालू लागता.

त्या राज्याचे सोळा आडवे आणि आठ उभे, असे १२८ चौकोन होते. एक चौकोन म्हणजे एक पडदाभर जागा. एखाद्या झुडपाला मेणबत्तीनं आग लावली तर खाली जिना निघायचा. एखाद्या खडकाशी बॉम्ब ठेवला तर भगदाड पडून दार दिसायचं. कोणतं झुडूप, कोणता खडक, याची खूण नाही. असा खेळ देताना करणारेही धास्तावले होते. लोक गोंधळतील, कंटाळतील, अशी त्यांना भीती वाटत होती. झालं निराळंच. मुलांनी चौकटीच्या कागदावर स्वतःचे नकाशे काढले. शाळेत एकमेकांना विचारलं, ‘तुला ते सातवं भुयार सापडलं का रे?’ पडद्यावर एकट्यानं खेळायचा खेळ पडद्याबाहेर दहा जणांचा झाला. आणखी एक सोय इथे महत्त्वाची ठरली. हा खेळ एका बैठकीत संपणारा नव्हता, म्हणून जिथे थांबलो तिथली नोंद राहणं भाग होतं. जपानमध्ये ती चकतीवर राहायची. १९८७ साली तो अमेरिकेत गेला तेव्हा सोनेरी रंगाच्या कॅसेटमध्ये त्यासाठी एक छोटी बॅटरी बसवलेली होती. बुकमार्क घालून पुस्तक मिटावं आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच उघडावं, तसं आता खेळात करता येऊ लागलं.

नावाचीही एक कथा आहे. अमेरिकन कादंबरीकार स्कॉट फिट्झजेराल्ड यांची पत्नी झेल्डा. मियामोतो यांना त्या नावाचा नाद आवडला आणि ते राजकन्येला मिळालं. ‘लिंक’ म्हणजे दुवा. खेळणारा आणि खेळातलं जग यांना जोडणारा. तो बोलत नाही याचं कारणही इथेच सापडतं. तो बोलला तर तो ‘तो’ होईल. गप्प आहे तोवर तो ‘मी’ असतो. संगीताची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. सुरुवातीला फ्रेंच संगीतकार राव्हेल यांची ‘बोलेरो’ ही रचना वापरायचं ठरलं होतं. अगदी शेवटी कळलं की तिचे हक्क अजून मोकळे झालेले नाहीत. मग कोजी कोंदो या तरुण संगीतकारानं घाईघाईत नवी धून रचली. तीच धून आज मोठमोठे वाद्यवृंद सभागृहांत वाजवतात.

आता हा खेळ माणसाला गुंतवतो कसा, ते थोडं उकलून सांगतो. झेल्डात कुलूप आधी दिसतं आणि किल्ली नंतर मिळते. खेळाच्या पहिल्या तासातच तुम्हाला दरीपलीकडे एक पेटी दिसते. हात पोचत नाही. तुम्ही पुढे जाता. दहा तासांनी एका भुयारात साखळी लावलेला आकडा मिळतो, जो लांब फेकला की लाकडात रुततो आणि तुम्हाला ओढून नेतो. तो हातात आला त्या क्षणी ती दरीपलीकडची पेटी आठवते. कुणी आठवण करून दिलेली नसते. आपण स्वतः मनात कुठेतरी गाठ मारून ठेवलेली असते आणि ती आता सुटते. ‘अरेच्चा!’ असा जो उद्गार तोंडून निघतो, त्यासाठी हा सगळा खटाटोप असतो.

भुयारांची रचनाही अशीच विचारपूर्वक केलेली. नवं हत्यार मिळालं की पहिल्या खोलीत त्याचा अगदी सोपा उपयोग करावा लागतो. पुढच्या खोलीत थोडा अवघड. मग दोन गोष्टी एकत्र वापराव्या लागतात. शेवटच्या दालनातला राक्षस म्हणजे तोंडी परीक्षाच. पण आपण शिकलो हे खेळणाऱ्याला जाणवत नाही. त्याला वाटतं, मला सुचलं. चांगला शिक्षक हेच करतो. उत्तर सांगत नाही. विद्यार्थ्याला ते सुचेल अशा जागी नेऊन उभं करतो आणि स्वतः बाजूला होतो.

माझी या मालिकेशी गाठ पडली ती हातात मावणाऱ्या गेम बॉयवर. परदेशातून आलेल्या एका नातलगानं तो आणला होता आणि त्यासोबत ‘लिंक्स अवेकनिंग’ हा १९९३ चा खेळ होता. काळा-करडा इवलासा पडदा, सगळा मजकूर इंग्रजीत, आणि माझं इंग्रजी शाळेतल्या धड्यांपुरतं. शब्दकोश मांडीवर घेऊन मी तो खेळलो. वादळात जहाज फुटून लिंक एका बेटावर येऊन पडतो. मारिन नावाची मुलगी त्याला वाचवते. बेटावरच्या डोंगरमाथ्यावर एक प्रचंड अंडं आहे आणि त्यात एक दैवी मासा झोपलेला आहे. आठ वाद्यं जमवून त्याला जागं केलं तर बेटाबाहेर जाता येईल. आपण कामाला लागतो. बेटावरच्या माणसांशी ओळखी होतात. मारिन किनाऱ्यावर बसून समुद्रापलीकडच्या जगाबद्दल बोलते. आणि अर्धा खेळ झाल्यावर एका पडक्या देवळातल्या भिंतीवर आपण वाचतो की हे बेट म्हणजे त्या माशाला पडलेलं स्वप्न आहे. मासा जागा झाला की बेट नाहीसं होणार. माणसंही. मारिनही.

तेव्हा मी खेळ बंद करून बराच वेळ तसाच बसलो होतो. पुढे जायचं तर ते बेट पुसावं लागणार. न जावं तर गोष्ट तिथेच थांबणार, आणि आपल्यालाही त्या स्वप्नातच राहावं लागणार. शत्रूला मारण्यापलीकडे खेळात काही नसतं असं म्हणणाऱ्यांना मला हे बेट दाखवावंसं वाटतं. शोधण्याचीही किंमत असते आणि ती कधी कधी दुसऱ्याला मोजावी लागते, हे मला कुठल्याही धड्यानं इतक्या लहान वयात सांगितलेलं नव्हतं.

१९९८ साली ‘ओकारिना ऑफ टाइम’ आला आणि हायरूलला खोली मिळाली. आतापर्यंत वरून दिसणारं राज्य आता चहूबाजूंनी फिरता येईल असं झालं. पण एक अडचण होती. त्रिमितीत तलवार चालवताना शत्रू सारखा नजरेआड व्हायचा. त्यावरचा तोडगा क्योतोमध्येच सापडला. खेळ करणारी मंडळी तिथल्या तोएई चित्रनगरीत निन्जांचा प्रयोग पाहायला गेली होती. नायकाभोवती अनेक जण कडं करून उभे, पण एका वेळी पुढे एकच येतो, आणि कोयता बांधलेल्या साखळीनं दोघं जणू एकमेकांना जखडलेले. त्यावरून सुचलं की एक बटण दाबलं की नजर एका शत्रूवर खिळावी आणि त्याच्याभोवती आपण फिरावं. पुढे असंख्य खेळांनी ही युक्ती उचलली.

पण मला आठवतं ते वेगळंच. या खेळात लिंक दहा-अकरा वर्षांचा आहे. तो पवित्र तलवार उपसतो आणि सात वर्षं झोपी जातो. जागा होतो तेव्हा शरीर मोठं झालेलं असतं. बाहेर येऊन तो गावाच्या चौकात जातो. सात वर्षांपूर्वी तिथे बाजार भरलेला होता, कुत्री धावत होती, एक जोडपं नाचत होतं. आता सगळीकडे पडझड आणि फिरणारी प्रेतं. शेवटी गॅननला हरवल्यावर झेल्डा त्याला त्याचं बालपण परत देते, सात वर्षं मागे पाठवते. पण तिथे त्यानं काय केलं हे कुणालाच ठाऊक नसतं. ज्या जगाला वाचवलं, त्या जगात तो एक अनोळखी पोरगा उरतो.

याच पोराची पुढची गोष्ट ‘मेजोराज मास्क’ या २००० सालच्या खेळात आहे. एइजी आओनुमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो अगदी थोड्या मुदतीत केला, आणि कदाचित त्या घाईचीच छाया त्यावर पडली असावी. एका गावावर चंद्र कोसळणार आहे, तीन दिवसांत. आपल्याला ओकारिना वाजवून पुन्हा पहिल्या दिवशी जाता येतं, म्हणून तेच तीन दिवस आपण वारंवार जगतो. गावातल्या प्रत्येक माणसाचा दिनक्रम ठरलेला आहे. जत्रेची तयारी चालू आहे. जायचं की राहायचं यावर महापौरांसमोर वाद चालला आहे. पोस्टमनला पळून जायचं आहे, पण पळून जाणं वेळापत्रकात लिहिलेलं नाही म्हणून तो थांबलेला आहे! हसू येतं, आणि मग येईनासं होतं.

त्याच गावातल्या सराईत अंजू नावाची मुलगी आहे. तिचं लग्न ठरलेलं आहे आणि नवरा मुलगा काफेई बेपत्ता आहे. तीन दिवस त्या दोघांचे निरोप पोचवत आपण धडपडतो. सगळं नीट जमलं तर अखेरच्या रात्री, जग संपायला थोडाच वेळ उरला असताना, तो तिच्या खोलीत येतो. दोघं एकमेकांना वचन देतात आणि सांगतात, आम्ही इथेच थांबतो, पहाटेची वाट पाहतो. आणि मग आपल्याला वाचायचं असेल तर ओकारिना वाजवून मागे जावं लागतं. पहिल्या दिवशी अंजू पुन्हा एकटी. आपण केलेलं सगळं पुसलेलं. आठवण फक्त आपल्यापाशी. मदत केली की तिचं फळ दिसलंच पाहिजे, असं मानणाऱ्याला हा खेळ फार अस्वस्थ करतो.

इतकं सगळं चांगलं असताना मधल्या काळात या मालिकेत एक खोट हळूहळू शिरली, तीही सांगितली पाहिजे. खेळ मोठे झाले, महाग झाले, आणि खेळणारा अडून राहिला तर सोडून देईल ही भीती वाढली असावी. ओकारिनामध्येच लिंकसोबत एक परी दिली होती, जी घडीघडी ‘ऐक!’ म्हणून लक्ष वेधायची. २०११ च्या ‘स्कायवर्ड स्वोर्ड’मध्ये तलवारीत राहणारी फी ही सोबतीण तर जे डोळ्यांना दिसतंय तेच पुन्हा समजावून सांगते. दार बंद आहे, सांगते. किल्ली लागेल, सांगते. प्राण कमी उरलेत, तेही सांगते. शेजारी बसून शब्दकोडं सोडवणारा एखादा अतिउत्साही काका असतो ना, ज्याला आपल्या आधी उत्तर सांगितल्याशिवाय चैन पडत नाही, तसंच. चाहते वैतागले. २०२१ साली तोच खेळ नव्या रूपात आला तेव्हा फीच्या पुष्कळशा सूचना ऐच्छिक केल्या गेल्या, यातच काय ते आलं.

आणि मग आला ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’. तारीख ३ मार्च २०१७. निर्माते आओनुमा, दिग्दर्शक हिदेमारो फुजीबायाशी. लिंक शंभर वर्षांच्या झोपेतून एका गुहेत जागा होतो. बाहेर येतो, कड्यावर उभा राहतो आणि समोर पसरलेलं राज्य दिसतं. नदी, जंगल, धुमसणारा ज्वालामुखी, दूरवर काळ्या सावटाखालचा राजवाडा. सुरुवातीचं पठार एकदा पार केलं की तुम्ही थेट त्या राजवाड्यात जाऊन शेवटची लढाई लढू शकता. हराल बहुतेक. पण जायला कुणी अडवत नाही. हा खेळ करताना त्यांनी आधी १९८६ च्या पहिल्या झेल्डासारखा दिसणारा एक साधा, सपाट नमुना बनवला होता. झाड तोडलं तर ओंडका मिळतो का, आग लावली तर पेटतं का, हे त्यात करून पाहिलं. पुढे जायची वाट त्यांना अशी मागे जाऊन सापडली.

या जगाला आपले नियम आहेत आणि ते आपल्या जगासारखेच आहेत. लाकूड पेटतं. गवताला आग लागली की गरम हवा वर उठते आणि तिच्या झोतावर कापडी पंख पसरून उडता येतं. पावसात कडे निसरडे होतात. वीज कडाडत असताना अंगावर लोखंड ठेवलं तर ती तुमच्यावरच पडते. आणि हे कळलेला हुशार खेळाडू लोखंडी तलवार शत्रूच्या पायाशी टाकून दूर पळतो. ठरलेलं उत्तर एक असं नाहीच. प्रदेश किती मोठा हवा याचा अंदाज यावा म्हणून फुजीबायाशी यांनी आपल्या परिचयाच्या क्योतो शहराचा नकाशा घेतला. डोंगर मुद्दाम असे रचले की एकामागचं दुसरं झाकलं जावं, आणि ‘त्यापलीकडे काय आहे?’ हा प्रश्न सतत पडत राहावा. सोनोबेच्या त्या पोराला टेकडीपलीकडे दिसलेलं तळं इथे पुन्हा सापडतं.

याच खेळात कोरोक नावाची बाहुल्यांसारखी वनदेवतेची पोरं लपलेली आहेत, एक-दोन नव्हे, ९००. सगळी शोधून काढली तर बक्षीस काय मिळतं माहीत आहे? एक सोनेरी वस्तू, जिचा आकार चक्क शेणाच्या पोसारखा आहे! शेकडो तास घालवलेल्या माणसाची अशी थट्टा. पण मला यात खेळ करणाऱ्यांचा मिश्किल प्रामाणिकपणा दिसतो. बक्षिसासाठी शोधत होतास का, असंच ते विचारत आहेत. शोधताना जे मिळालं, ते मिळून गेलं.

सगळे जुने चाहते खूश झाले, असं मात्र नाही. जुनी भुयारं गेली, हत्यारं चार घाव घातले की मोडतात, गोष्ट विरळ झाली, अशा तक्रारी झाल्या आणि त्यांत तथ्य आहे. कुलूप आधी, किल्ली नंतर ही गंमत नव्या खेळात पुष्कळ कमी झाली, कारण आता बहुतेक कुलपं कशानंही उघडतात. मलाही ती चुटपुट आहे. पण अशी ओरड पूर्वीही झाली होती. २००१ साली पुढच्या झेल्डाची झलक दाखवली तेव्हा लिंक कार्टूनसारखा दिसतो म्हणून लोक भडकले होते. तो खेळ ‘विंड वेकर’, २००२ चा. त्यात जुनं हायरूल समुद्राच्या तळाशी बुडालेलं आहे. अखेरीस इच्छा मागायची वेळ येते तेव्हा तिथला म्हातारा राजा आपलं वैभव परत मागत नाही. हे सगळं वाहून जाऊ दे, या मुलांना त्यांचं भविष्य मिळू दे, असं मागतो, आणि स्वतः आपल्या राज्यासोबत पाण्याखाली राहतो. चिडलेल्या चाहत्यांना याहून सुंदर उत्तर कुणी दिलं असतं, असं मला वाटत नाही.

१२ मे २०२३ रोजी ‘टिअर्स ऑफ द किंगडम’ आला. पहिल्या तीन दिवसांत त्याच्या एक कोटीहून अधिक प्रती विकल्या गेल्या. त्यात फळ्या, चाकं, पंखे एकमेकांना चिकटवून खेळणारा आपली गाडी आपण बनवतो, आपला पूल आपण बांधतो. शोधणाऱ्याच्या हाती आता सुताराची हत्यारंही आली. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ‘एकोज ऑफ विस्डम’मध्ये फार वर्षं राहून गेलेली गोष्ट झाली. यात लिंक गडप होतो आणि झेल्डा त्याला शोधायला निघते. १९८६ पासून जिचं नाव खेळाला आहे, तिला मुख्य मालिकेत पहिल्यांदा सबंध गोष्टीची नायिका व्हायला अडतीस वर्षं लागली. ती तलवारीपेक्षा डोक्यावर जास्त भिस्त ठेवते. पाहिलेल्या वस्तूंच्या प्रतिकृती करते आणि पलंगावर पलंग रचून भिंत ओलांडते. या मालिकेत दिग्दर्शकाच्या जागी आलेली पहिली स्त्री, तोमोमी सानो, हिनं हा खेळ केला, हेही इथे नोंदवायला हवं.

आता थोडं आपल्याकडे वळतो. आपल्या मुलांच्या वाट्याला आज प्रश्नाआधी उत्तर येतं. गाईड आहे, अपेक्षित प्रश्नसंच आहे, क्लास आहे, आणि खिशातल्या फोनमध्ये जगातल्या कुठल्याही कोड्याचा उलगडा आहे. झेल्डाचंही प्रत्येक भुयार कुणीतरी सोडवून दाखवलेलं आहे. दोन मिनिटांत पाहता येतं. पण ते पाहिलं की जे हाती येतं ते भुयार नव्हे, नुसतं दार. अडणं, घुटमळणं, वैतागून बाजूला ठेवणं आणि दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना अचानक सुचणं, हा वाया गेलेला वेळ नसतो. विचार करणं म्हणतात ते हेच. ते ज्याला लहानपणी अनुभवायला मिळालं, तो मोठेपणी अडचणीला कमी भितो, असा माझा अनुभव आहे.

म्हणून मुलांना तासन् तास खेळू द्या, असं मी म्हणणार नाही. वेळेची शिस्त हवीच, आणि हे खेळ स्वस्तही नाहीत. एवढंच सांगतो, घरात एखादं मूल असा खेळ खेळताना अडलं आणि कपाळाला आठ्या घालून बसलं, तर पाच मिनिटं त्याच्या शेजारी बसा. काय झालंय ते विचारा. तुम्हाला उत्तर येत नसेल तर फारच उत्तम. येत असेल, तर तेवढं पोटात ठेवा. त्याचं त्याला सापडू द्या. सापडेल तेव्हा ते तुमच्याकडे वळून जे हसेल, ते पाहायला तुम्ही तिथे असलेलं बरं.